कलम लावण्याआधी मातीचा खारेपणा मोजा: आरोंद्याच्या बागायतदारासाठी खर्चाचा हिशेब

खाडीकडच्या तुकड्यात आम्ही आंब्याची चाळीस कलमं लावली होती. वरच्या ओळी छान फुटल्या. अगदी खालच्या, मेरेलगतच्या ओळीत मात्र मार्चपासून पानं करपायला लागली. आधी टोक तांबूस, मग दोन्ही कडा, आणि मधली शीर तेवढी हिरवी. आम्हाला वाटलं, ऊन वाढलंय, पाणी कमी पडतंय. म्हणून त्या ओळीला बावीचं पाणी वाढवलं. एप्रिल संपता संपता त्यातली नऊ कलमं गेली. पाणी कमी पडत नव्हतंच. पाणीच मचूळ होतं आणि दर दोन दिवसांनी आम्ही झाडाच्या मुळाशी थोडं थोडं मीठ ओतत होतो. कलम, खड्डा, शेणखत आणि कुंपण धरून एका झाडामागे आमचे सहाशेच्या आसपास गेले होते, म्हणजे नऊ झाडांचे पाच हजार चारशे. मातीचा नमुना तपासायला पडले पस्तीस रुपये. पण तो दिला झाडं गेल्यावर.

कलमं आणण्याआधी नमुना द्या, एवढंच मला सांगायचं आहे. तो कुठे द्यायचा, कधी काढायचा, किती पैसे लागतात आणि आलेला आकडा कसा वाचायचा, ते पुढे सविस्तर लिहितो.

आरोंदा तेरेखोलच्या काठावर आहे आणि किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. नदी म्हटली तरी आपल्याकडे ती खाडीच. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, आणि डोंगरातून येणारं गोडं पाणी जसं आटत जातं तसं ते खारं पाणी जास्त आत शिरतं. उन्हाळ्यात इथलं पाणी किती खारं होतं ते शेजारच्या शिरोड्याला विचारा. तिथे मिठागरं आहेत, मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच. ज्या हवेत आणि ज्या पाण्यात मीठ पिकतं, त्याच हवापाण्यात आपण आंबा आणि सुपारी पिकवायला बघतो, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

मातीत मीठ येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. खारबंधारा फुटतो किंवा त्याची झडप नीट बसत नाही आणि भरतीचं पाणी मळ्यात शिरतं, ही पहिली. दुसरी वाट जमिनीखालची. उन्हाळ्यात वरची माती सुकते, खालची ओल वर ओढली जाते, पाणी उडून जातं आणि मीठ मुळांपाशी राहतं. सकाळच्या उन्हात मेरेवर पांढरी पापडी दिसते ती हीच. तिसरी वाट आपल्या हातची, म्हणजे मचूळ पाण्याचं शिंपण. आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. माडाच्या आळ्यात मीठ घालायची आपली जुनी रीत आहे, माड ते सोसतो. पण त्याच्या शेजारी सुपारी किंवा केळ असेल तर ती सोसत नाही. खाडीत कुजवलेली सोडणं झाडाच्या बुंध्याशी पसरली तर त्यांच्याबरोबर मीठही येतं.

बाहेर घालवायची वाट मात्र एकच, पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो मातीतलं मीठ धुऊन काढतो. म्हणूनच नमुना कधी काढता याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. ऑगस्टमध्ये काढलेला नमुना खाडीकाठची जमीनही गोडी दाखवेल. तो अहवाल हातात धरून कलमं लावली तर मार्चमध्ये पानं करपणारच. पहिला नमुना मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडायच्या आत काढा. दुसरा दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण थांबल्यावर. दोन्ही त्याच जागेवरचे हवेत. मेमधला आकडा मोठा आणि दिवाळीतला लहान आला तर जमीन पावसात धुतली जाते आहे, चिंता कमी. दोन्ही मोठे आले तर मीठ मुरून बसलंय किंवा पाण्याला निचरा नाही. या जमिनीत आंबा लावू नका.

सरकारी प्रयोगशाळा: पस्तीस रुपयांत काय मिळतं

सिंधुदुर्गात मातीपरीक्षणासाठी जायचं ते ओरोसला, कृषी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत. किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र हे दुसरं ठिकाण. कृषी विभागाचे दर असे: सर्वसाधारण माती नमुना ३५ रुपये, सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी २०० रुपये, विशेष नमुना २७५ रुपये आणि पाण्याचा नमुना ५० रुपये. निघण्याआधी फोन करून दर आणि वेळ विचारून घ्या, कारण अर्ध्या दिवसाची फेरी आहे.

खारेपणा कळायला सर्वसाधारण नमुना पुरतो. त्यात सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश येतात. आपल्याला हवी ती विद्युतवाहकता, जिला सगळे ईसी म्हणतात. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते. तो आकडा डेसीसायमन प्रति मीटरमध्ये लिहिलेला असतो. विशेष नमुन्याचे २७५ रुपये तेव्हाच खर्च करा, जेव्हा पहिल्या अहवालात सामू ८.५ च्या वर आलेला असेल. आपल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत असं सहसा होत नाही, इथली माती आम्लच असते. सामू वर गेलेला नसताना कोणी जिप्सम घ्यायला सांगितलं तर पैसे काढण्याआधी कृषी सहायकाला अहवाल दाखवा. जिप्सम चोपण जमिनीसाठी असतो. नुसत्या खारट जमिनीला पाऊस आणि निचरा लागतो.

मृदा आरोग्यपत्रिकेची केंद्राची योजना फेब्रुवारी २०१५ पासून आहे. तिच्यातून नमुना घेतला गेला तर शेतकऱ्याला पैसे पडत नाहीत आणि बारा घटकांची तपासणी होते. पण तिचे नमुने ठरावीक चौकटीतून काढायची पद्धत आहे: बागायतीत अडीच हेक्टरांना एक, कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक. आपल्याकडे एकाच माणसाच्या वीस गुंठ्यांत वरचा कोपरा गोडा आणि खालचा खारट असतो. दहा हेक्टरांच्या सरासरीतून खाडीकाठची मेर कळायची नाही. पत्रिका जरूर घ्या, पण खाडीकडच्या तुकड्यासाठी वेगळे पस्तीस रुपये भरा.

आता झाडांचा हिशेब. भातासाठी वीस-बावीस सेंटिमीटर खोलीचा एक नमुना चालतो. कलमांसाठी तीन थर लागतात, शून्य ते तीस, तीस ते साठ आणि साठ ते नव्वद सेंटिमीटर, कारण मीठ बरेचदा खालून वर येतं. तीन थरांचे १०५ रुपये. हेच दोन जागी करायचं: एक खाडीकडची सगळ्यात वाईट वाटणारी जागा आणि एक वरची, जिथे झाडं उत्तम आहेत अशी. झाले २१०. वर्षातून दोनदा म्हणजे ४२०. बावीच्या पाण्याचे दोन नमुने, १०० रुपये. वर्षाचे ५२० रुपये, एका मेलेल्या कलमाच्या खर्चापेक्षाही कमी.

जाण्यायेण्याचा खर्च बहुतेक वेळा तपासणीपेक्षा जास्त होतो. सावंतवाडीमार्गे एसटीने जायचं तर घरातल्या बाईमाणसाने जावं, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धा. त्याहून बरं म्हणजे वाडीतल्या पाच-सहा घरांचे नमुने एकत्र बांधून एकाने नेणं. गोव्याच्या बाजूला जुन्या गोव्याजवळ एल्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवर काम करणारी संस्था आहे. पेडणे-म्हापशाकडे कामाला जाणं होत असेल तर तिथल्या दरांची चौकशी करून ठेवा.

नमुना काढताना

पस्तीस रुपये वाया जातात ते इथे. कुदळीने व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची चकती काढा. एका तुकड्यात अशा सात-आठ जागा घ्या, सगळी माती घमेल्यात मिसळा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती सावलीत सुकवा. मेर, शेणाचा ढीग, नुकतंच खत घातलेलं आळं आणि गुरं बांधायची जागा टाळा. आणि नमुना खताच्या रिकाम्या पिशवीत कधीही भरू नका. खतही मीठच आहे, पिशवीच्या शिवणीत राहिलेली चिमूटभर पूडही आकडा बिघडवते. स्वच्छ कापडी पिशवी घ्या, आत आणि बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी ठेवा: नाव, गट क्रमांक, खोली, तारीख, आधीचं पीक.

नव्वद सेंटिमीटर खोल जायचं तर जांभ्यात पहार लागते. गडी लावला तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरा. गिरमिट विकत घ्यायचं असेल तर दीड हजारापासून चार हजारांपर्यंत मिळतं. खाडीकडच्या मऊ मातीत ते छान चालतं, कातळावर त्याचा उपयोग नाही. एका घराने ते घेऊ नये, वाडीने घ्यावं.

घरचा मीटर घ्यावा का?

दहा घरांत मिळून घ्यावा. एकट्यासाठी प्रयोगशाळाच स्वस्त. खिशात मावणारा साधा ईसी मीटर आठशे ते दीड हजारात येतो, चांगल्या नावाचा चार ते आठ हजारांपर्यंत. त्याच्याबरोबर १४१३ आकडा छापलेल्या तपासणीच्या द्रावणाची बाटली घ्यायलाच हवी, तिचे तीनशे ते सहाशे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा तीनशे-चारशे. डिस्टिल्ड पाणी लिटरला वीस-तीस रुपये. म्हणजे साधारण दोन हजारांत काम होतं, दहा घरांत दोनशे-दोनशे.

दुकानात तीन बाबतींत फसायला होतं. पहिली, पाण्याचं फिल्टर बसवायला येणाऱ्या माणसाच्या हातात असतो तो टीडीएस मीटर. तो पीपीएम दाखवतो आणि वेगवेगळ्या कंपन्या ते वेगवेगळ्या गुणकाने काढतात. त्याच पाण्याला एक मीटर ५०० म्हणेल, दुसरा ७००. मायक्रोसायमन किंवा मिलीसायमन दाखवणाराच घ्या. १००० मायक्रोसायमन म्हणजे १ मिलीसायमन आणि तोच १ डेसीसायमन प्रति मीटर. दुसरी, मोजण्याची मर्यादा, ती बघा. स्वस्त मीटर बरेचदा १० मिलीसायमनच्या आतच थांबतात. मातीला ते पुरतात, पण समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं, त्यामुळे एप्रिलमधल्या खाडीच्या पाण्यात त्यांचा उपयोग होणार नाही. तिसरी म्हणजे कुंडीत खोचायचा ओल-सामू-उजेड दाखवणारा सुईचा मीटर. तो खारेपणा दाखवत नाही. त्यावर एक रुपयाही घालू नका.

मोजायची रीत सोपी आहे. वाळवलेली, चाळलेली २० ग्रॅम माती काचेच्या ग्लासात घ्या, वर ५० मिली डिस्टिल्ड पाणी. अर्धा तास अधूनमधून ढवळा. मग हात लावू नका. आमच्या तांबड्या मातीचा गढूळपणा खाली बसायला चहा होऊन थंड होईल इतका वेळ लागतो. वरच्या निवळीत मीटर बुडवा, आकडा थांबला की लिहून घ्या. त्याआधी तोच मीटर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून बघा. तिथे दहाच्या आत मायक्रोसायमन दिसायला हवेत. बॅटरीचं म्हणून मिळणारं पाणी कधी कधी बरंच वर दाखवतं, मग ते परत करा. आणि मे महिन्यात पडवीतही उकडतं, हे विसरू नका. पाणी एक अंश तापलं की ईसी सुमारे दोन टक्के वाढते. पस्तीस अंशांवरचा आकडा पंचवीसच्या तुलनेत पाचवा हिस्सा फुगलेला असतो. म्हणून तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा मीटरच घ्या, खोक्यावर एटीसी अशी तीन अक्षरं असतात.

आकडा वाचताना

आपल्याकडच्या प्रयोगशाळा साधारणपणे एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. त्या आकड्यात १ च्या आत सर्वसाधारण, १ ते २ उगवणीला बाधक, २ ते ३ नाजूक पिकांना बाधक आणि ३ च्या वर बहुतेक पिकांना, असा ढोबळ अर्थ. पुस्तकांत मात्र ४ च्या वर खारट जमीन असं वाचायला मिळतं, तिथे गोंधळ होतो. तो ४ चा आकडा संपृक्त अर्काचा असतो, म्हणजे माती जेमतेम भिजेल इतक्याच पाण्यातला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. माती जितकी रेवट, तितकं ती पाणी कमी धरते आणि तितकं तिच्यातलं मीठ मुळांना जास्त लागतं. अडीच भाग पाण्यातला आकडा संपृक्त अर्कात बदलायचा तर चिकट मातीत साधारण चारने आणि वाळूसरीत आठच्या आसपास गुणावं लागतं. म्हणजे खाडीकाठच्या वाळवट तुकड्यात अहवालावर ०.६ आलं आणि पुढे सर्वसाधारण असं छापलेलं असलं, तरी मुळांपाशी तो खारेपणा पाचाजवळ असू शकतो. भाताचं उत्पन्न संपृक्त अर्काच्या ३ पासूनच उतरायला लागतं. म्हणून अहवालातला शेरा न वाचता आकडा वाचा, आणि शेजारी आपल्या वरच्या चांगल्या जागेचा आकडा ठेवा. पावसाने धुतलेल्या डोंगरउताराच्या मातीत तो बहुधा ०.३ च्या आत येतो. खालचा आकडा त्याच्या तिप्पट-चौपट असेल तर थांबा.

या वरच्या नमुन्यासाठी मी नेहमी जुन्या, न तोडलेल्या झाडीची जागा सुचवतो. गावाची राई असेल तर तिच्या कडेची, देवस्थानाला विचारून. तळकोकणात सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पुजली जाते, म्हणजे आपण मातीलाच आई म्हणतो. राईच्या सावलीतली माती ही आपल्या गावची निरोगी माती, मोजायला तोच खरा मापदंड. झाडी आणि खारेपणा यांचं नातं ऑस्ट्रेलियाने फार महागात शिकलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हासाठी रान तोडलं तेव्हा झाडं शोषत होती ते पाणी जमिनीत साठलं, भूजल वर आलं आणि खोलवरचं मीठ पृष्ठभागावर आलं. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे इंजिनिअरने १९२४ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. तिथे आज कोरडवाहू रानाचं आरोग्य बघताना मातीची ईसी मोजतात. आपल्याकडे पाऊस भरपूर, मीठ मुळात खाडीकडून येतं, म्हणून तिथला उपाय जसाच्या तसा इथे लागू होत नाही. पण मोजायची सवय घेण्यासारखी आहे.

पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेची मोजपट्टी वापरा: ईसी ०.७ च्या आत बिनधोक, ०.७ ते ३ जपून, ३ च्या वर शिंपू नका. मेमध्ये म्हातारी माणसं सांगतात, "बावीचा पाणी मचूळ लागता." त्यांची जीभ खोटं बोलत नाही, पण मीटर ते महिनाभर आधी सांगतो. खाडीजवळच्या बावीत मोठा पंप लावू नका. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक मीटर असली तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी टिकतं. वरची पातळी हातभर उपसली की खालचं खारं कित्येक हात वर येतं. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा.

आकडा वाईट आला तर जमीन टाकून द्यायची नाही. मेरेच्या कडेला करंज, उंडी, भेंड, सुरू लावा, मग माड. आंबा, सुपारी, केळी, मिरी वरच्या अंगाला न्या. पावसाचं पाणी तुकड्यात थोडं थांबेल आणि मग चरातून बाहेर पडेल अशी सोय करा. उन्हाळ्यात पाचोळ्याचं आच्छादन घाला, त्याला पैसे लागत नाहीत. भातासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे खार सोसणारे वाण आहेत, त्यांची नावं पनवेल १, २ आणि ३. खारबंधारा फुटला असेल तर तो एकट्याने बांधायचा खर्च करू नका. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे, खारभूमी विकास विभागाकडे ग्रामपंचायतीमार्फत अर्ज द्या आणि त्याला तुमचे दोन वर्षांचे ईसीचे आकडे जोडा. बंधाऱ्यासाठी कांदळवन तोडू नका. उच्च न्यायालयाची त्याला सक्त मनाई आहे, आणि भरतीचा पहिला मार तेच झेलतं.

एक वही करा. गट क्रमांक, जागा, खोली, तारीख, ईसी, एवढ्या पाच रकान्यांची. मेमधला नमुना दिल्यावर अहवाल किती दिवसांत मिळेल ते तिथेच विचारून घ्या, कारण कलमं लावायला जून उजाडतो आणि त्या दिवसांत प्रयोगशाळेत गर्दी असते. अहवाल हातात येईपर्यंत खालच्या ओळीचे खड्डे मारू नका.